डाव्या अंगाला

“ठेचा सोडला का?” डॉक्टर मोघ्यांनी फाइलमधून मान वर न काढता विचारलं.

“सोडला म्हंजी? बघतसुदीक न्हाईत त्याच्याकडं,” मी म्हणाले. “लोणचं न्हाय, चटणी न्हाय. वाढलेलं जसंच्या तसं उचलून ठेवते मी.”

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि मालकांकडे कौतुकानं बघितलं. “वा, हणमंतराव! शंभरात एखादा पेशंट माझं ऐकतो. तो एक तुम्ही निघालात.”

मालक खुर्चीत ताठ बसले होते. इस्त्रीचा सदरा, नवी टोपी. ते कसनुसं हसले. आपण नक्की काय सोडलंय हे त्यांना आठवत नसावं, पण फुकट शाबासकी मिळतेय तर नको कशाला म्हणा, असा चेहरा होता. मी मात्र फुलून गेले होते. तीस वर्षं ज्या माणसाला मिरचीच्या ठेच्याशिवाय घास उतरला नाही, त्यानं डॉक्टरच्या एका शब्दावर तो टाकला, हे मी सगळ्या उंबरवण्यात सांगून आले होते.

तीन महिन्यांपूर्वी सकाळी गाडी पुसता पुसता मालक खाली बसले होते. डावा हात लुळा, डावा पाय लुळा, तोंड वाकडं. कराडला आठ दिवस ठेवलं. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली, असं डॉक्टर म्हणाले. माणूस मात्र चिवट. महिन्याभरात हात चालायला लागला, दुसऱ्या महिन्यात पाय. घरी सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. मीठ-लोणचं कमी, आणि तीन महिने गाडीला हात लावायचा नाही. आज ते तीन महिने संपले होते.

आमची गाडी म्हणजे वडाप. उंबरवण्यातून माणसं भरायची, पाटणला सोडायची, तिकडची भरून आणायची. अठरा वर्षं मालकांनी त्या घाटात जीप चालवली आणि तिच्या पत्र्यावर एक चरा नव्हता. लोक दुसरी जीप सोडून यांच्यासाठी थांबायचे. आता तीच गाडी तीन महिने अंगणात ताडपत्रीखाली उभी होती.

डॉक्टरांनी मालकांना उभं केलं, चालवलं, बोटं दाबायला लावली. मग समोर बसून त्यांनी आपला उजवा हात बाजूला धरला आणि बोट हलवलं.

“दिसतंय?”

“दिसतंय की.”

मग तो हात खाली घेऊन डाव्या हाताचं बोट हलवलं. “हे?”

“ते बी दिसतंय. डोळं झ्याक हायती, डाक्टर. दोन मैलांवरनं गाडीचा नंबर वाचतो मी.”

डॉक्टर हसले. बाहेर पेशंटची रांग होती, नर्स दोनदा डोकावून गेली होती. त्यांनी चिठ्ठीचा कागद पुढे ओढला, पेन उघडलं आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, “वहिनी, तुम्ही चोवीस तास यांच्याजवळ असता. घरी काही वेगळं जाणवतं का? धडकतात कुठं? काही अर्धवट करतात? नीट आठवून सांगा, कारण उद्यापासून दहा-पंधरा माणसं यांच्या हवाली होणार.”

नीट आठवायची काही गरज नव्हती. त्याच दिवशी सकाळी मालक दाढी करून बाहेर आले, तेव्हा उजवा गाल गुळगुळीत आणि डाव्या गालावर फेस तसाच. “आवो, अर्धी कुणासाठी ठेवलीया?” म्हणून मी हसले आणि उरलेली माझ्या हातानं केली. महिन्याभरात असं चार-पाच वेळा झालं होतं. डाव्या पायात चप्पल न घालता रस्त्यापर्यंत जायचे. डावा खांदा न्हाणीच्या चौकटीला आपटून काळानिळा झाला होता. मी त्यावर रक्तचंदन लावायची आणि म्हणायची, लक्ष कुठं असतंय तुमचं?

पण मला दुसरंही आठवत होतं. पाय चालायला लागल्यापासून हा माणूस रोज ताडपत्री वर करून गाडीत जाऊन बसायचा. स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता समोर बघत. दुसऱ्यांच्या जीपा हॉर्न देत जायच्या, तेव्हा मान फिरवायचा. घरात बोलणं बंद झालं होतं. लेक सासरी, मुलगा पुण्याला कंपनीत. घरात आम्ही दोघंच, आणि त्यातला एक मुका. शीळ घालत घरात येणारा माणूस होता तो. मला तो परत हवा होता. दुसरं काही मला त्या घडीला दिसत नव्हतं.

“न्हाय डाक्टर,” मी म्हणाले. “सगळं बेस हाय.”

डॉक्टरांनी चिठ्ठीवर सही केली.

पहिल्या दिवशी गाडीला हार घातला, नारळ फोडला. मालक शीळ घालत होते. मी सहज हट्ट केला, “मी बी येते. पाटणात देवीला ओटी भरायची हाय.” त्यांच्या डाव्या हाताला, पुढच्या सीटवर मी बसले. मागं दहा माणसं.

गाव सोडलं आणि देवळाच्या वळणावर गाडी डावीकडे सरकायला लागली. दीपमाळेचा दगड माझ्या खिडकीतून हातभर अंतरावर आला. मालक समोर बघत होते, तोंडावर काही नाही.

“आवो, डाव्या अंगाला!” मी ओरडले.

त्यांनी चटकन गाडी फिरवली. आरसा दगडाला घासून काच फुटली. मागून कुणीतरी म्हणालं, “तीन म्हैन्याचा गंज हाय, निघंल हळूहळू.” सगळे हसले. मालकही हसले. अठरा वर्षांतला तो पहिला चरा होता.

पुढं मैलाच्या दगडाशी यशवंत गुरवाची वैजू उभी होती. यशवंत म्हणजे आमच्या देवळाचा पुजारी आणि मालकांचा लहानपणापासूनचा जोडीदार. त्याचं घर रस्त्यापासून वर, शेतात. वैजू बारावीला होती, रोज त्या दगडाशी दप्तर छातीशी धरून उभी राहायची आणि जीप दिसली की हात करायची. आमच्या गाडीची वाट बघत ती दुसऱ्या दोन गाड्या सोडायची. त्या दिवशीही तिनं हात केला. गाडीचा वेग काही कमी होईना.

“वैजू उभी हाय,” मी म्हणाले.

“कुठाय?” म्हणत मालकांनी ब्रेक मारला. गाडी तिच्या पुढं वीस पावलं जाऊन थांबली. वैजू पळत आली आणि मला सरकवून शेजारी बसली. “काकी, तुमी आजपासनं कंडक्टर का?” ती म्हणाली. “मग पिशवी घ्या गळ्यात.”

मी दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या दिवशीही. देवीची ओटी किती वेळा भरणार? मग पाटणला माझा दात दुखायला लागला, मग मावसबहीण आजारी पडली. डावीकडून म्हैस आली की मी म्हणायची, म्हैस. सायकल आली की सायकल. रोज मैलाच्या दगडाआधी मी म्हणायची, “वैजू उभी हाय,” आणि मालक ब्रेक मारायचे. एकदा का सांगितलं की त्यांना सगळं दिसायचं, त्यामुळं माझंच डोकं चक्रावायचं. दिसत नसेल म्हणावं तर बोट दाखवल्यावर दिसतं. दिसत असेल म्हणावं तर बोट दाखवल्याशिवाय दिसत नाही. मी मनाशी ठरवून टाकलं की यांचं लक्ष नसतं आणि पंधरा दिवसांत येईल ताळ्यावर. खरं तर ते ठरवणं मला सोयीचं होतं.

आठव्या दिवशी पाटणच्या स्टँडवर दुसरा एक जीपवाला सगळ्यांसमोर म्हणाला, “हणमंतअण्णा, गाडी तू चालवतोस का वैनी? नुसत्या डाव्या-उजव्या अंगाला म्हणत्यात, येक लगाम बी द्या की त्यांच्या हातात.” लोकांना हसायला निमित्तच हवं असतं. मालक परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत.

नवव्या दिवशी सकाळी मी चावी पिठाच्या डब्यात दडवली. का दडवली, हे स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. मालकांनी खुंटी बघितली, सदऱ्याचे खिसे बघितले, मग चुलीपाशी येऊन उभे राहिले.

“चावी दे.”

“मी येते संगं.”

“तू यायची न्हाईस.”

“मग आज ऱ्हाऊ द्या. डाक्टरला परत येकदा दावून येऊ. तुमचं लक्ष ऱ्हात न्हाय, मला भ्या वाटतं.”

“मला काय झालंय?” ते ओरडले. “हात चालतोय, पाय चालतोय, डाक्टरनं लिवून दिलंय. तू मला लोकांत हसं केलंस, रंजे. बायकू सांगंल तशी गाडी चालवनारा डायवर बघितलाईस कुठं?”

 ते उंबऱ्यावर बसले आणि एकाएकी रडायला लागले. त्यांचे वडील गेले तेव्हा हा माणूस रडला नव्हता. आता मात्र खांदे हलत होते, आवाज फुटत होता. “त्याच दिवशी मेलो असतो तर बरं झालं असतं,” ते म्हणाले.

मी डबा उघडला. चावीला लागलेलं पीठ पदरानं पुसलं आणि त्यांच्या हातात दिली.

“डाव्या अंगाला बघून चालवा,” मी म्हणाले.

“बघतोच की,” ते म्हणाले आणि डोळे पुसून गेले.

साडेसातला गाडी गेली. आठ वाजता खालच्या आळीतला एक माणूस धावत आला. “गाडी... मैलाच्या दगडाशी,” एवढंच तो म्हणाला. मी भाकरी तव्यावर टाकून तशीच पळाले.

मैलाच्या दगडाशी माणसं जमली होती. वैजूला दुसऱ्या जीपमधून पाटणला नेलं होतं; ती वाटेतच गेली, हे नंतर कळलं. रस्त्याच्या कडेला तिची एक चप्पल आणि वह्या पडल्या होत्या. गाडीतल्या माणसांनी सांगितलं ते असं: पोरगी रोजच्या जागी उभी होती, हात केलेला होता. गाडी सावकाश होती. सगळ्यांना वाटलं, तिच्याजवळ जाऊन थांबणार. मालकांनी ब्रेक मारलाच नाही. माणसं किंचाळली तेव्हा गाडी थांबवून मागं वळून विचारलं, “काय झालं?”

मालक गाडीला टेकून उभे होते. मला बघून ते म्हणाले, “रंजे, तिथं कुणीबी नव्हतं गं.”

पोलिसांनाही त्यांनी तेच सांगितलं. मॅजिस्ट्रेटलाही तेच. दारू प्यायले होते का, म्हणून तपासलं. ते आयुष्यात कधी प्यायले नव्हते. गाडीचे ब्रेक ठीक निघाले. मग गावात एकच बोलणं सुरू झालं, की हणमंता उघड्या डोळ्यांनी पोरीच्या अंगावर गेला आणि आता तोंड वर करून खोटं बोलतोय. जामिनावर सुटून ते घरी आले तेव्हा शेजारणीनं आमच्याकडं बघून दार लावून घेतलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी यशवंत आमच्या दारात आला. आम्ही दोघं चुलीपाशी बसलो होतो. तो आत आला नाही, उंबऱ्याबाहेर उभा राहिला. पंधरा दिवसांत माणूस निम्मा झाला होता.

“हणमंता, मी भांडायला आलो न्हाय,” तो म्हणाला. “तू मुद्दाम केलंस असं बी मला वाटत न्हाय. फकस्त येक सांग. दिसली, पर गाडी आवरली न्हाय, असं म्हण. डुलकी लागली म्हण. काय बी म्हण. मी केस मागं घ्यायला सांगतो.”

मालक उठून उभे राहिले. हात जोडले. “यशवंता, तुज्यापाशी खोटं कसं बोलू? तिथं कुणी नव्हतं.”

“माजी पोर तिथं हुती!” यशवंत ओरडला. “दोन वरीस रोज तिथंच उभी ऱ्हायली ती. तुज्या गाडीसाठी. ती नव्हतीच म्हणतोस? मेली ती मेली, आता ती नव्हतीच म्हणतोस?”

“देवाची आण घेऊन सांगतो.”

यशवंतानं त्यांच्याकडं बघितलं. ज्या देवाची आण मालक घेत होते त्या देवाला तोच रोज पाणी घालायचा. तो खाली थुंकला आणि निघून गेला. मालक मला विचारत राहिले, “त्याला पटत का न्हाय गं?” मला घरात बसवेना आणि बाहेर पडवेना. ते खोटं बोलत नाहीत, हे त्या गावात मला एकटीला ठाऊक होतं.

वकिलांनी पुन्हा मेंदूच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं, म्हणून आम्ही परत मोघ्यांच्या समोर बसलो. या वेळी त्यांनी दार लावून घेतलं, नर्सला कुणाला आत सोडू नको म्हणाले. मालकांसमोर कोरा कागद ठेवला.

“घड्याळ काढा. आकडे घाला.”

मालकांनी गोल काढला आणि बारापासून सहापर्यंतचे आकडे उजव्या बाजूला घातले. मग सात, आठ, नऊ, सगळे त्याच बाजूला कोंबत बसले. डावी बाजू कोरी. “झालं,” ते म्हणाले.

डॉक्टरांनी पूर्वीसारखं एकेक बोट हलवलं. दोन्ही वेळा मालकांनी दिसतंय म्हटलं. मग डॉक्टरांनी दोन्ही हातांची बोटं एकदम हलवली.

“किती बोटं हलतायत?”

“येक.”

“कुठलं?”

मालकांनी आपल्या उजवीकडं बोट दाखवलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी हात खाली घेतले आणि मला विचारलं, “वहिनी, ते लोणचं, चटणी. ताटात कुठल्या बाजूला वाढता तुम्ही?”

“डावीकडं,” मी म्हणाले. “तिथंच वाढत्यात.”

माझे वडील लग्नाचे आचारी होते. मीठ वरती, त्याच्या डावीकडं लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडं भाजी, कालवण. ताट वाढताना चुकलं तर ते मला जेवत्या पानावरून उठवायचे. बाकीच्या घरांत ताटलीत कसंही टाकायचे, माझ्या हातून ते कधी झालं नाही. सासरी सगळे त्यावरून मला चिडवायचे.

डॉक्टरांनी खालच्या कँटीनमधून जेवणाचं ताट मागवलं. तेही तसंच वाढलेलं होतं. मालक जेवायला लागले. भाजी संपली, आमटी संपली, भाताचा उजवा ढीग संपला आणि डावा तसाच राहिला. लोणच्याला हात लागला नाही. मग डॉक्टरांनी काही न बोलता दोन बोटांनी ताट अर्धं फिरवलं.

मालकांचा चेहरा खुलला. त्यांनी लोणच्याची फोड उचलून तोंडात टाकली, बोट चाटलं. “आज लोणचं दिलंया!” ते मला म्हणाले. “तीन-चार म्हैनं झालं, तू वाढलंच न्हाईस.”

मी पदर तोंडात धरला.

डॉक्टर सावकाश बोलत होते, मालकांना कळावं म्हणून. “तुमचे डोळे चांगले आहेत, हणमंतराव. पण डोळा नुसता निरोप पाठवतो, बघतो तो मेंदू. तुमच्या मेंदूचा जो भाग डाव्या बाजूचं भान ठेवतो, तोच त्या गुठळीनं मेला. तिथं तुम्हाला काळोख दिसत नाही, रिकामं दिसत नाही. ती बाजू तुमच्यासाठी उरतच नाही. त्यामुळं काही हरवलंय, हेही कळत नाही. कुणी सांगितलं की तेवढ्यापुरतं तिकडं लक्ष जातं.”

मालक बराच वेळ कागदावरच्या घड्याळाकडं बघत होते. “म्हंजी ती हुती तिथं,” ते म्हणाले.

“होती.”

मालकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांना रडू आलं नाही. ते नुसते टोपीची घडी करत राहिले.

डॉक्टर माझ्याकडं वळले. त्यांचा आवाज खाली आला होता. “वहिनी, मी त्या दिवशी तुम्हाला विचारलं होतं.”

“व्हय.”

“हे आठ दिवसांत होत नाही. दाढी अर्धी राहते, चप्पल एकाच पायात राहते, दाराला खांदा लागतो. तुम्हाला यातलं काहीच दिसलं नव्हतं?”

मी तोंड उघडायच्या आत मालकच म्हणाले, “डाक्टर, तिला इचारू नगा. तिला कळलं असतं तर तिनं मला गाडीवर बसू दिलं असतं का? तांदळात खडा निघाला तर चार दिस जेवत न्हाय ती.”

“न्हाय डाक्टर,” मी म्हणाले. “काय दिसलं न्हाय.”

डॉक्टरांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि लिहायला घेतलं. गाडी चालवायच्या चिठ्ठीवर त्यांचीही सही होती. त्यांनी परत विचारलं नाही.

त्याच दिवशी दुपारी मी एकटी शेताची चढण चढून गुरवाच्या घरी गेले. घड्याळ काढलेला कागद बरोबर घेतला होता. यशवंत ओसरीवर बसला होता, त्याची बायको सोनाबाई भिंतीला टेकून. बस म्हणालं नाही कुणी, तरी मी बसले आणि सगळं सांगितलं. बोटं, घड्याळ, ताट. त्यांना डावीकडचं जग उरलेलंच नाही, हे सांगितलं.

यशवंतानं तो कागद हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. “हणमंतानं काढलंय हे? सातवीला माज्या नकाशात रंग भरायचा तो,” तो म्हणाला. मग त्यानं मान वर केली. “वैनी, म्हंजी तो खोटं बोलत नव्हता.”

“न्हाय भावजी.”

“बघून न बघितल्यावानी केलं न्हाय त्यानं तिला.”

“न्हाय. देवाशपथ न्हाय.”

यशवंत ढसाढसा रडला. पोर गेल्यावरही तो असा रडला नव्हता, असं लोक सांगत होते. “सोने, तो खरं बोलत हुता गं,” तो बायकोला म्हणाला. “देवाची खोटी आण न्हाय घेतली त्यानं. कुणाची चूक न्हाय यात. आजार हुता तो.” त्यानं मला पाणी द्यायला सांगितलं. माझ्या छातीवरचा दगड उतरला, आणि मी किती हलकट आहे ते मला त्याच वेळी कळलं, कारण मला घरी जावंसं वाटायला लागलं. जेवढं सांगायचं तेवढं सांगून झालं होतं.

सोनाबाई उठली नाही. “रंजना,” ती म्हणाली, “वैजू घरी येऊन काय सांगायची ठाव हाय? म्हणायची, आई, हणमंतकाकांची लई गंमत हाय. मी समोर उभी असते, पर काकी ‘वैजू उभी हाय’ म्हणल्याबिगर गाडीच थांबत न्हाय. हसायची लई त्यावर.”

मी पाण्याच्या तांब्याकडं बघत राहिले.

“आठ दिस तू कशाला बसत हुतीस गाडीत?”

उत्तर तयार होतं माझ्याकडं. आजारातून उठलेला माणूस, काळजी वाटायची, असं म्हणता आलं असतं. सोनाबाई ओरडत नव्हती. ती वाट बघत होती.

“मला कळलं हुतं,” मी म्हणाले. “अर्धी दाढी करायचे. दाराला धडकायचे. डाक्टरनं इचारलं तवा मी न्हाय म्हणाले. गाडीत बसून मी सांगायची म्हणून थांबायचे ते. नवव्या दिवशी मी चावी पिठात दडवली हुती.”

यशवंताचं रडणं थांबलं.

“मग दिलीस का?” सोनाबाईनं विचारलं.

“ते रडले,” मी म्हणाले.

 सोनाबाईनं पदरानं तोंड झाकून घेतलं. यशवंत कागदाची घडी घालत होता. ती घालून त्यानं तो माझ्यासमोर जमिनीवर ठेवला. “वैनी, तुमी जावा आता,” तो म्हणाला.

मी महिनाभर पोलिसांची वाट बघितली. कुणी आलं नाही. त्या दोघांनी ते कुणालाही सांगितलं नाही, का नाही ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. कोर्टानं डॉक्टरांचा कागद मानला आणि मालक सुटले. गाडी आम्ही विकून टाकली.

यशवंत मात्र आमच्याकडं यायला लागला. रोज संध्याकाळी देवळाची आरती झाली की यायचा आणि मालकांच्या उजव्या हाताला बसायचा, दिसावं म्हणून. दोघं पिकापाण्याचं बोलायचे. कधी वैजूचं निघायचं आणि मालक रडायचे, तेव्हा यशवंत त्यांच्या पाठीवर हात ठेवायचा. मी चहा आणून ठेवायची. तो माझ्याकडं न बघता कप उचलायचा. मालक जाईपर्यंत सात वर्षं तो येत राहिला आणि त्या सात वर्षांत माझ्याशी एक शब्द बोलला नाही. सोनाबाई पाणवठ्यावर मला बघून घागर घेऊन दुसरीकडं जायची.

मालकांच्या हे ध्यानात यायला फार दिवस लागले. एका संध्याकाळी यशवंत उठून गेल्यावर त्यांनी मला हाक मारून जवळ बसवलं.

“येक इचारू का गं? यशवंता तुज्याशी का बोलत न्हाय?”

“पोर गेलीया त्यांची. तुमच्याशी बोलत्यात तेवढं काय कमी हाय?”

“तेच तर म्हणतोय मी,” ते म्हणाले. “गाडीवर मी हुतो. बोलायचं न्हाय तर माज्याशी बोलू नये त्यानं. तुज्यावर कशाचा राग?”

“मला काय ठाव,” मी म्हणाले आणि कप उचलून आत गेले.